पंचेचाळीस अक्षरांची धूळ

निगडी-प्राधिकरणातल्या, पिंपळे सौदागरच्या आणि हल्ली चाकणच्याही इंग्रजी शाळांमध्ये एक शब्द मुलांचा फार लाडका आहे. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजीत लिहिला तर ४५ अक्षरं. शब्दकोशात छापलेला सगळ्यांत लांब इंग्रजी शब्द म्हणून मुलं तो पाठ करतात, पाहुण्यांसमोर एका दमात म्हणून दाखवतात आणि शाबासकी घेतात. अर्थ विचारला तर ‘फुप्फुसाचा कुठलातरी आजार’ एवढ्यावर उत्तर थांबतं. पाठ करणाऱ्या पोराचं मला कौतुकच वाटतं. पण त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर, भोसरी एमआयडीसीतल्या शेडमध्ये, त्या शब्दाचा अर्थ तिन्ही शिफ्टला हवेत उडत असतो, हे त्याला कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं असं मला फार वाटतं.

शब्दाची गाठ सोडवली की तो अवघड राहत नाही. न्यूमोनो म्हणजे फुप्फुसाचा. अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा. सिलिको म्हणजे सिलिकाचा. वाळूत आणि गारगोटीत जे असतं ते. व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी. कोनिस ही ग्रीक भाषेतली धूळ आणि ओसिस म्हणजे विकार. यातला ज्वालामुखी शोभेपुरता आहे. तो आणि बाकीची सजावट काढून टाकली की डॉक्टरांच्या रोजच्या वापरातला नऊ अक्षरांचा शब्द हाती येतो : सिलिकोसिस. वाळूच्या अतिबारीक धुळीने फुप्फुस घट्ट होत जाणं.

लांब शब्द डॉक्टरांनी केलेला नाही. अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांची नॅशनल पझलर्स लीग नावाची संस्था आहे. तिचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बैठकीत हा शब्द मांडला, वर्तमानपत्रात त्याची बातमी झाली आणि पुढे तो शब्दकोशांत गेला. सर्वांत लांब शब्द कोणता, या चढाओढीसाठी तो जुळवलेला होता. पण ती तारीख वाचली की मी थबकतो. त्याच्या चार-पाच वर्षं आधी, १९३० मध्ये, त्याच देशात वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली ब्रिज गावाजवळ डोंगरातून पाण्याचा बोगदा खणायला सुरुवात झाली होती. तिथला खडक जवळजवळ निखळ सिलिकाचा. पाणी न मारता कोरडंच ड्रिलिंग चाललं, कारण कोरडं काम उरकतं लवकर. आत उतरलेले बहुसंख्य मजूर कामाच्या शोधात दुरून आलेले कृष्णवर्णीय होते. सिलिकोसिस व्हायला एरवी दहा-वीस वर्षं लागतात. इथे माणसं काही महिन्यांत खलास झाली. १९३६ च्या जानेवारीत अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा ४७६ मृत्यूंचा आकडा पुढे आला. पुढच्या काळातल्या अभ्यासाने तो ७६४ पर्यंत नेला. शब्द जुळवला गेला तेव्हा त्या बोगद्यातली माणसं मरतच होती. शाळेत हा शब्द शिकवताना गॉली ब्रिजचं नाव घ्यायला दोन मिनिटं पुरतील.

माझी उमेदीची वर्षं फाउंड्रीत गेली. मी तपासणी विभागात होतो. माझं टेबल काचेच्या केबिनमध्ये असलं तरी दिवसातून दहा वेळा फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे ओतीव भाग साफ करतात त्या विभागात, जावं लागे. बाहेरच्या माणसाला वाटतं, फाउंड्रीतला धोका म्हणजे वितळलेलं लोखंड. ते १४०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं, नारिंगी-पांढरं दिसतं, आणि त्याच्यापुढे प्रत्येक जण जपून वागतो. खरी गोष्ट नंतरची आहे. साचा बनवतात तो वाळू, बेंटोनाइटची माती, कोळशाची पूड आणि पाणी यांचा. ओली असेपर्यंत ही काळी वाळू गुमान बसून राहते. तिच्यात लोखंड ओतलं की पाणी उडून जातं, कण भाजून निघतात आणि तडकतात. मग साचा नॉकआउटच्या थरथरणाऱ्या जाळीवर येतो, फुटतो, आणि भाजलेल्या वाळूचा लोट उठतो. तिथून कास्टिंग शॉट ब्लास्टिंगला जातं आणि शेवटी फेटलरच्या हातात. रनर-रायझर, म्हणजे ओतताना राहिलेले जादा लोखंडाचे दांडे, तोडायचे, चिकटलेली वाळू छिन्नीने काढायची, कडा ग्राइंडरने मारायच्या.

नव्या पोराचं लक्ष ग्राइंडरच्या ठिणग्यांकडे असतं. दुपारी पत्र्यात बसवलेल्या फायबरच्या शीटमधून उन्हाचा पट्टा खाली येतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते. ही दिसणारी धूळ तुलनेने बरी, हे मला फार उशिरा एका फॅक्टरी डॉक्टरांनी समजावलं. ती जाड असते. नाकात, घशात अडकते; शिंकरली, खाकरली की काळी होऊन बाहेर पडते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते ती पाच मायक्रॉनच्या आतली. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते ताडावं. तोंडाला गुंडाळलेल्या रुमालाचे धागे तिला अडवू शकत नाहीत. आत गेलेला कण शरीराच्या पेशी गिळतात, पण सिलिका पचत नाही. उलट पेशीच मरते आणि त्या जागी व्रण धरतो. असे व्रण वाढत वाढत जातात आणि स्पंजासारखं फुप्फुस आवळत जातं. यावर औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढे सरकू शकतो.

मायक्रॉन हा शब्द आमच्या तोंडात दिवसभर असे. मशीन शॉपमध्ये गेलेल्या कास्टिंगचा बोअर वीस मायक्रॉनने मोठा निघाला की फोन वाजत, मीटिंग भरत, अख्खा लॉट बाजूला काढून लाल टॅग लागत. कारण लिहून द्यावं लागे, पुन्हा होणार नाही याची हमी द्यावी लागे. लोखंडाच्या बाबतीत इतकी दक्षता पाळणारी माणसं वाईट नव्हती, कष्टाळू होती. पण फेटलिंग शॉपच्या हवेतले पाच मायक्रॉन कुणाच्या ड्रॉइंगवर नव्हते. धूळ ओढणारे डक्ट काही कारखान्यांनी मनापासून बसवले आणि चालवले, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. काही ठिकाणी ते ऑडिटच्या आदल्या दिवशी सुरू होतात.

लांब इंग्रजी शब्दांना आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातली माणसं घाबरतात असं मुळीच नाही. औशाहून, अहमदपूरहून, केजहून एसटीने आलेला आयटीआयचा पोरगा महिन्याभरात शब्दांना असा तासतो की ऐकत राहावं. मायक्रोमीटरचा ‘मायक्रो’ झाला, कोऑर्डिनेट मेजरिंग मशीनचं ‘सीएमएम’, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं ‘पीएम’. करेक्टिव्ह अँड प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन एवढ्या लांबलचक प्रकाराची ‘कॅपा’ झाली आणि तिला मराठी क्रियापदही मिळालं : कॅपा भरली का? कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन म्हणजे ‘ईडी’. पार्ट ईडीला गेलाय. आणि हे नुसतं तोंडपाठ नसतं. सीएमएमवर कुठल्या बिंदूला प्रोब टेकवायचा, कुठला पार्ट उलटा बसवला तर चुकीचं रीडिंग येईल, हे तो पोरगा झोपेतून उठवलं तरी सांगेल. वस्तू हातात असते, म्हणून शब्द त्याचा होतो.

लांब नावांवर माझा रागही नाही. पिंपरीचं नाव तर एका शास्त्रीय नावात कायमचं गुंफलं गेलेलं आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली इथे स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं औषध शोधलं. औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन म्हटलं आणि जिवाणूला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचा स्ट्रेप्टोमायसिस! जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे नाव उच्चारलं तर आपलं गाव उच्चारलं जातं. एचएच्या कॉलनीत वाढलेल्या माझ्या एका मित्राच्या वडिलांना हे नाव स्पेलिंगसकट यायचं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांनी तो जिवाणू वाढवायच्या टाक्या धुतल्या होत्या, त्यांचं तापमान राखलं होतं. नाव कितीही लांब असो, ज्याच्या कामाचं आहे त्याला ते समजावून सांगितलेलं असलं की तो ते अभिमानाने जवळ बाळगतो.

कागदावरून येणाऱ्या शब्दांची गोष्ट वेगळी. आमच्या भागात कंपनीचं पत्र आलं की लोक ते घडी घालून खिशात ठेवतात आणि वाचून सांगणारं माणूस शोधतात. निवृत्तीनंतर माझ्याकडे असे कागद येऊ लागले. शो-कॉज नोटीस, डोमेस्टिक इन्क्वायरी, सब्सिस्टन्स अलाउन्स. दोन वर्षांपूर्वी चिखलीत राहणारा, मूळचा लातूर जिल्ह्यातला एक फेटलर आला. जिना चढून आल्यावर बराच वेळ त्याला बोलताच येईना. बायको सोबत होती. तिनेच पिशवीतून पत्र काढलं.

“काका, ह्यात रिट्रेंचमेंट नाही म्हणून लिवलंय म्हणं. म्हंजी कामावर ठिवलंय का काढलंय? आमाला काईच उमगंना.”

काढलं होतं. ‘कंटिन्यूड इल-हेल्थ’, म्हणजे सततच्या आजारपणाच्या कारणावरून. तिला वाटलं होतं, ‘नाही’ हा शब्द आहे म्हणजे काहीतरी आशा आहे. मला हळूहळू सांगावं लागलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात रिट्रेंचमेंट म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे तर इतर कुठल्याही कारणाने मालकाने कामगार कमी करणं. त्याला महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. पण त्याच व्याख्येत काही अपवाद आहेत आणि सततचं आजारपण हा त्यांतला एक. आजारी म्हणून काढलं तर ती कामगार कपात धरत नाहीत आणि ती भरपाईही मिळत नाही. त्या एका ओळीने या माणसाची वर्षं पुसली जात होती.

मी विचारलं, आजार कोणता? त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून केसपेपरांचा गठ्ठा काढला. दमा. ब्राँकायटिस. मग टीबी. सहा महिन्यांचा कोर्स पुरा केलेला, थुंकीच्या तपासणीत जंतू कधीच सापडलेले नाहीत, आणि तरीही पुन्हा टीबी. एक्स-रेमध्ये सिलिकोसिसचे ठिपके आणि क्षयाचे डाग एकमेकांसारखे दिसू शकतात, शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो. म्हणून हा गोंधळ फार जुना आणि फार ठिकाणचा आहे. पण त्या सगळ्या केसपेपरांत एक गोष्ट कुठेच नव्हती. हा माणूस काय काम करतो, हे एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली : तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षं झाली. ओपीडीतल्या डॉक्टरांसमोर दीडशे माणसांची रांग असते हे मला ठाऊक आहे, त्यांच्या कष्टांची मला कदर आहे. तरीही हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

कायदा या बाबतीत शब्दाला अडून बसतो. केसपेपरवर नुसता दमा लिहिला असेल तर कायदा सहसा हलत नाही. सिलिकोसिस झालेल्याची मात्र तो दखल घेतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीही तो वर कळवायचा असतो. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात आणि ईएसआयच्या कायद्यात तो धंद्यातून होणाऱ्या आजारांच्या यादीत होता. तिथली ओळही लांब होती, न्यूमोकोनिओसिसपासून सुरू होणारी. शाळेतल्या त्या शब्दाचं हे सख्खं भावंड. हे भावंड केसपेपरवर आलं तर भरपाईचा मार्ग उघडतो, नाही आलं तर माणूस नुसता ‘सतत आजारी’ ठरतो. संसदेने २०२० मध्ये केलेल्या कामगार संहितांमध्ये हे जुने कायदे सामावले गेले, कलमांचे आकडे बदलले. फुप्फुसातली वाळू तीच आहे.

अक्षरओळख आणि ही धूळ यांचा संबंध आणखी एका ठिकाणी आहे. माझी पिढी पाटी-पेन्सिलीवर शिकली. त्या पेन्सिली मोठ्या प्रमाणात मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात बनत. दगड यांत्रिक करवतीने कापून. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकात तिथल्या कामगारांना तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. फार तरुण माणसं होती ती. हे वाचल्यापासून पाटीवर गिरवलेला ‘ग’ मला पहिल्यासारखा आठवत नाही.

कामगारांना कळावेत म्हणून सगळे शब्द मराठी करा, असं मी म्हणणार नाही. सिलिकोसिस हा शब्द त्या फेटलरने तसाच उच्चारायला हवा, कारण डॉक्टर, अधिकारी, न्यायाधिकरण सगळे तोच ओळखतात. माझं म्हणणं एवढंच की त्याचा अर्थ त्याला कामावर रुजू व्हायच्या दिवशी कळायला हवा, पंधरा वर्षांनी माझ्या घरात नव्हे. हेही काही नवं नाही. कामाच्या अटी म्हणजे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून ते आत जातात त्या दाराशी लावायचे, असं १९४६ च्या कायद्याने सांगितलं होतं. इंग्रज जाण्याच्याही आधी. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागेवरचे आरोग्याचे धोके मालकाकडून जाणून घ्यायचा हक्क कामगाराला मिळाला. चाकण, महाळुंगे, खराबवाडीच्या पट्ट्यात आता ओडिशाची, बिहारची मुलं ग्राइंडर धरतात. त्यांच्यासाठी या सूचना हिंदीत, उडियात हव्यात. फेटलिंग शॉपच्या दारावर ‘पीपीई मँडेटरी’ अशी पाटी असते. तिच्या खाली लिहा : इथल्या हवेत डोळ्यांना न दिसणारी वाळू आहे, ती छातीत गेली की परत निघत नाही, रुमाल चालणार नाही, फिल्टरचा मास्क मागून घ्या, डक्ट बंद असेल तर काम थांबवून सुपरवायझरला बोलवा. शेवटचं वाक्य छापायला धैर्य लागेल, पण ते तिथे हवंच.

त्या फेटलरसाठी आम्ही एक कागद तयार केला. कुठल्या साली कुठल्या एमआयडीसीत, कुठल्या ठेकेदाराकडे, नॉकआउटवर किती वर्षं, ग्राइंडरवर किती वर्षं, पाणी मारायचे की नाही, मास्क मिळायचा की नाही. तो बोलत होता, धाप लागली की थांबत होता, बायको मधल्या जागा भरत होती. तिला त्याच्या प्रत्येक शिफ्टचा हिशेब होता, कारण डबा तिने भरलेला. तो कागद केसपेपराला टाचून त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला, एक्स-रे नव्याने काढायला सांगितला आणि या वेळी निदानाच्या रकान्यात सिलिकोसिस लिहिलं.

भरपाईचा अर्ज अजून चालू आहे. अडचण कामाच्या पुराव्याची आहे. मधल्या दोन ठेकेदारांचा पत्ता लागत नाही, एक म्हणतो हा माणूस आमच्याकडे हाउसकीपिंगला होता. गेल्या महिन्यात बायकोला गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत त्याचे जुने गेटपास सापडले, लॅमिनेशन पिवळं पडलेले. फोटो ओळखू येत नाही, पण नावाखाली डिपार्टमेंट इंग्रजीत छापलंय आणि ते स्वच्छ वाचता येतं : फेटलिंग. त्यांच्या झेरॉक्स काढून आम्ही फाईलला लावल्या आहेत.